हातचा कोणी धरायचा? कर्नेल, कंपायलर आणि मोठ्या संख्यांची पन्नास वर्षे

१/२५
१९७५ साली बेल लॅब्जमधून बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत घड्याळ पुढे सरकवणारी एक छोटी ओळ आहे. तिचा अर्थ एवढाच : वेळेचा खालचा अर्धा भाग एकाने वाढवा, वाढवल्यावर तो शून्य झाला असेल, तर वरचा अर्धा भागही एकाने वाढवा. दुसरीतल्या मुलाने पाटीवर बेरीज करताना ‘हातचा एक’ धरावा, तसाच हा हातचा. कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहिणाऱ्यांनी तो स्वतः लिहून काढला, कारण त्यांच्यासाठी तो धरणारे दुसरे कोणी नव्हते. (धागा)

२/२५
पुढच्या पन्नास वर्षांत हा हातचा कोणी धरायचा, प्रोग्रामरने, कंपायलरने की यंत्राने, हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला. त्याला लिनक्सने दिलेले उत्तर सर्वांत हट्टी आहे. या धाग्याचे म्हणणे असे की तो हट्ट योग्य होता, पण अर्धाच होता. मोठ्या संख्यांच्या हिशेबाला लागणाऱ्या खर्चावर लिनक्सने पहारा बसवला. लहान संख्यांच्या मर्यादेवर मात्र बराच काळ कोणीच पहारा बसवला नाही. १९ जानेवारी २०३८ या तारखेची भीती त्या दुसऱ्या उणिवेतून आली आहे.

३/२५
आधी थोडी पार्श्वभूमी. प्रत्येक प्रोसेसरला त्याची स्वाभाविक रुंदी असते. १६ बिटांच्या रजिस्टरमध्ये ० ते ६५,५३५ एवढ्याच संख्या मावतात. सेकंद मोजायचे म्हटले तर ते अठरा तास आणि काही मिनिटांत भरून जाते. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटींपर्यंत जाता येते. याहून मोठी संख्या हवी असेल, तर ती दोन तुकड्यांत ठेवावी लागते आणि तुकड्यांमधला व्यवहार कोणीतरी सांभाळावा लागतो. बेरीज-वजाबाकीत हातच्याने भागते. गुणाकाराला थोडे अधिक श्रम पडतात. खरी परीक्षा भागाकाराची.

४/२५
सहाव्या आवृत्तीचे युनिक्स पीडीपी-११ या १६ बिटांच्या यंत्रावर चालत असे, आणि त्या कर्नेलच्या सी भाषेत ३२ बिटांच्या संख्येसाठी वेगळा प्रकार वापरलेला दिसत नाही. वेळ दोन खान्यांत ठेवलेली. फाइलमधले स्थान दोन खान्यांत. फाइलचा आकार ८ बिटांचा एक तुकडा आणि १६ बिटांचा दुसरा, म्हणजे एकूण २४ बिट. त्यामुळे फाइल १६ मेगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नव्हती. ऋण चिन्ह नको असलेली संख्या हवी, तर चक्क पॉइंटरचा प्रकार उसना घेतलेला. दुहेरी बेरीज, लांब भागाकार, बाकी यांसाठी असेंब्लीत लिहिलेली छोटी उपकरणे कर्नेलमध्येच होती.

५/२५
त्या काळाचे व्रण आजही दिसतात. युनिक्समध्ये वेळ विचारणारे ‘टाइम’ हे फंक्शन उत्तर परत देतेच, शिवाय उत्तर ठेवण्यासाठी एक पत्ताही घेते. कारण मुळात १६ बिटांत मावणारे एकच मूल्य परत देता येई. दोन खान्यांची वेळ ठेवायला जागा मागावी लागे. फाइलमध्ये पुढे-मागे जाण्याच्या ‘सीक’ या हाकेत अंतर ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांत मोजण्याची सोय होती, तीही याच अडचणीतून. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘लाँग’ हा ३२ बिटांचा प्रकार रुळला आणि ‘एलसीक’ आले. त्यातला ‘एल’ म्हणजे लाँग. आज ६४ बिटांच्या यंत्रावरही तो एल तसाच आहे.

६/२५
मर्यादेविषयी मात्र ती पहिली पिढी विलक्षण मोकळी होती. १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलनुसार वेळ सेकंदाच्या साठाव्या भागांत आणि ३२ बिटांत मोजली जाई. हिशेब सोपा आहे : हा आकडा सुमारे ८२८ दिवसांत भरतो. मॅन्युअलमध्ये ‘दोष’ या शीर्षकाखाली ते स्पष्ट नोंदवलेले आहे की दर २.२६ वर्षांनी संकट ठरलेले. लिहिणाऱ्याने मर्यादा लपवली नाही. वापरणाऱ्याच्या हातात तारीख दिली.

७/२५
पुढे मोजणी साठाव्या भागांऐवजी पूर्ण सेकंदांत आणि १ जानेवारी १९७० पासून सुरू झाली. ३२ बिटांतला एक बिट चिन्हासाठी गेला, उरलेल्या ३१ बिटांत अडुसष्ट वर्षे मावली. अडीच वर्षांवरचे संकट संकट वाटते. अडुसष्ट वर्षांवरचे दुसऱ्या कोणाचे तरी वाटते. त्या वेळचे यंत्र अडुसष्ट वर्षे चालणार नाही हे खरेच होते. पण त्या यंत्रावर ठरलेला संख्येचा प्रकार यंत्रापेक्षा फार अधिक जगला. इतिहासात वस्तू झिजतात आणि मोजमापे टिकतात, याचे हे एक नवे उदाहरण.

८/२५
वीस वर्षांनी तेच नाटक दुप्पट रुंदीवर पुन्हा लागले. १९९० च्या दशकात ३२ बिटांची यंत्रे सर्वत्र होती. फाइली दोन गिगाबाइटची सीमा ओलांडू लागल्या, वेळ सूक्ष्म भागांत मोजण्याची गरज भासू लागली, आणि कर्नेलला ६४ बिटांच्या संख्या हव्या झाल्या. १९९३ च्या विंडोज एनटीने हा प्रश्न आरंभीच सोडवला. तिथे वेळ १६०१ सालापासून १०० नॅनोसेकंदांच्या एककात, ६४ बिटांत मोजली जाते. ज्या कंपायलरला असा प्रकार ठाऊक नाही, त्याच्यासाठी वरचा आणि खालचा अर्धा असलेली एक रचना आणि तिच्या बेरीज-भागाकाराची फंक्शने कर्नेलबरोबरच पुरवली गेली.

९/२५
बर्कलेच्या युनिक्सने, म्हणजे बीएसडीने, जवळपास तोच मार्ग घेतला. ४.४बीएसडीमध्ये फाइलमधले स्थान ६४ बिटांचे झाले, आणि त्यासाठी लागणारा भागाकार कर्नेलच्या सोर्समध्येच ठेवला गेला. त्या फाइलच्या टिपेत डोनाल्ड नूथ यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडातील बहुअंकी भागाकाराच्या रीतीचा नावानिशी उल्लेख आहे. मनुष्य पाटीवर दहाच्या पायावर जे करतो, तेच ती रीत यंत्राच्या मोठ्या पायावर करते. बीएसडीच्या प्रोग्रामरने भागाकाराचे चिन्ह लिहावे, उरलेले कंपायलर आणि कर्नेल पाहून घेतील, असा हा करार होता.

१०/२५
इथे कंपायलरची भूमिका समजून घ्यायला हवी. ३२ बिटांच्या यंत्रावर दोन ६४ बिटांच्या संख्यांचा भागाकार एका आज्ञेत होत नाही. म्हणून जीसीसी हा कंपायलर त्या ठिकाणी एका तयार फंक्शनची हाक घालतो. त्याचे नाव ‘यूडिव्हडीआय३’ : यू म्हणजे चिन्हरहित, डिव्ह म्हणजे भागाकार, डीआय म्हणजे दुहेरी रुंदीचा पूर्णांक. हे फंक्शन ‘लिबजीसीसी’ नावाच्या साहाय्यक ग्रंथालयात असते. सामान्य प्रोग्रामला ते आपोआप जोडले जाते. लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

११/२५
लिनक्सची गोष्ट वेगळ्या टोकापासून सुरू होते. १९९१ च्या ०.०१ आवृत्तीत संख्या छापणाऱ्या फाइलमध्ये ‘डू-डिव्ह’ नावाचा एक मॅक्रो आहे. तो दिलेल्या संख्येला भागतो, संख्येच्या जागीच भागाकार ठेवतो आणि बाकी परत देतो. हे वागणे विचित्र वाटते, पण त्याचे मूळ छपाईत आहे. १९९१ ला १० ने भागले की बाकी १ आणि उरले १९९, पुन्हा भागले की ९ आणि १९, पुन्हा ९ आणि १, शेवटी १. बाकी म्हणजे छापायचा अंक, उरलेली संख्या पुढच्या फेरीसाठी. त्या कामाला याहून सोयीचे रूप नाही.

१२/२५
हाच डू-डिव्ह पुढे ६४ बिटांच्या भागाकाराचे अधिकृत साधन झाला. ३२ बिटांच्या इंटेल प्रोसेसरची भागाकाराची आज्ञा ६४ बिटांचा भाज्य घेते, पण भाजक ३२ बिटांचाच, आणि उत्तर ३२ बिटांत मावले नाही तर ती अपवाद उभा करून थांबते. म्हणून डू-डिव्ह पाटीवरची रीत वापरतो : आधी वरच्या अर्ध्याला भागायचे, आलेली बाकी खालच्या अर्ध्याच्या पुढे मांडायची, आणि पुन्हा भागायचे. बाकी भाजकापेक्षा नेहमी लहान असते, त्यामुळे दुसऱ्या पायरीचे उत्तर ३२ बिटांत मावतेच. दोन आज्ञांत काम संपते. पीडीपी-११ वर हेच ३२ आणि १६ बिटांचे होते.

१३/२५
आता लिनक्सचा हट्ट. मुख्य प्रचलित यंत्रांवर हे कर्नेल लिबजीसीसी जोडतच नाही. ६४ बिटांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, सरकवणे यांची सोय आहे. पण ३२ बिटांच्या यंत्रासाठी कोणी ६४ बिटांच्या संख्येला भागाकाराचे साधे चिन्ह लावले, तर सगळ्या फाइली निमूटपणे कंपाइल होतात आणि अगदी शेवटी लिंकर सांगतो की यूडिव्हडीआय३ कुठेच सापडत नाही. हे विसरभोळेपणाने राहिलेले नाही. लायनस टॉरवाल्ड्स यांनी ही सोय जाणूनबुजून नाकारली. महागडा भागाकार कोणाच्या नकळत कर्नेलमध्ये शिरू नये, हा त्यामागचा हेतू.

१४/२५
हा हेतू रास्त आहे. इंटेल ४८६ वर बेरजेला घड्याळाचे एक आवर्तन लागे, ३२ बिटांच्या भागाकाराला चाळीस. दोन्ही बाजू ६४ बिटांच्या असल्या तर खर्च आणखी वाढतो. कित्येक जुन्या एआरएम प्रोसेसरांत तर भागाकाराची आज्ञाच नव्हती. तिथे साधा भागाकारही फंक्शनने करावा लागे. कर्नेलमधला कोड नेटवर्कच्या प्रत्येक पॅकेटमागे, घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यामागे धावतो. तिथे एका चिन्हाआड शेकडो आवर्तने दडली, तर ती वाचणाऱ्याला दिसत नाहीत आणि वापरणाऱ्याला मात्र भोगावी लागतात.

१५/२५
आणि थांबवले गेले की माणूस विचार करतो. भाजक दोनाचा घात आहे का? मग बिट सरकवले की झाले. तो स्थिरांक आहे का? मग भागाकाराऐवजी व्यस्ताने गुणता येते; २०१५ मध्ये लिनक्सने ३२ बिटांच्या यंत्रांसाठी हे सर्वसाधारण रूपात आणले. संख्या खरोखर ६४ बिटांची असायला हवी का? अनेकदा उत्तर ‘नाही’ असे निघते. नकाराने प्रश्न विचारायला भाग पाडले, हे त्या हट्टाचे खरे श्रेय. सोय आपोआप मिळाली असती, तर हे प्रश्न कोणी विचारले नसते.

१६/२५
या संघर्षाचा सर्वांत बोधक प्रसंग २००८ चा. कर्नेलमध्ये नॅनोसेकंदांतून पूर्ण सेकंद वेगळे काढणारे एक छोटे आवर्तन होते : नॅनोसेकंद अब्जाहून जास्त असतील तोवर अब्ज वजा करा आणि सेकंद एकाने वाढवा. ते बहुधा एकदाच फिरे, म्हणून भागाकारापेक्षा स्वस्त. जीसीसी ४.३ ने हे आवर्तन ओळखले, ‘हा तर भागाकारच’ असे ठरवले आणि त्याजागी यूडिव्हडीआय३ च्या जातीची हाक घातली. कर्नेल बांधणे बंद पडले. उपाय म्हणून आवर्तनात असेंब्लीची एक रिकामी ओळ घातली गेली, जिच्यापलीकडे कंपायलरला पाहता येत नाही.

१७/२५
यात कंपायलरचा दोष काढणे अन्यायाचे होईल. भाषेच्या नियमांनुसार दोन्ही रूपांचे उत्तर एकच आहे, आणि उत्तराची शुद्धता हीच कंपायलरची जबाबदारी. ते आवर्तन किती वेळा फिरणार हे मात्र फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक होते. त्या रिकाम्या ओळीत काहीही नाही, आणि तरीही ती तिथे असण्याला कारण आहे : कोणते काम कंपायलरचे आणि कोणते माणसाचे, याची सीमा तिने आखली.

१८/२५
तरीही विरोधी पक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण त्यात वजन आहे. बीएसडीने भागाकार कर्नेलमध्ये ठेवला, आणि त्यामुळे ते कर्नेल काही कोसळले नाही. उलट लिनक्सच्या नकाराने नव्या चुका जन्माला घातल्या. डू-डिव्हचा भाजक ३२ बिटांचा. कोणी त्याला ६४ बिटांचा भाजक दिला, तर वरचा अर्धा निमूटपणे कापला जातो. तो भाजक नेमका ४,२९,४९,६७,२९६ असला, तर कापल्यावर शून्य उरते, आणि शून्याने भागले की यंत्र थांबते. अशा चुका शोधण्यासाठी कर्नेलच्या सोर्समध्ये एक वेगळी तपासणी ठेवावी लागली, यातच सारे आले.

१९/२५
दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. आज बहुतेक विकासक ६४ बिटांच्या यंत्रावर काम करतात. तिथे भागाकाराचे चिन्ह बिनतक्रार चालते. चूक उघडी पडते ती कोणीतरी दुसऱ्याने ३२ बिटांच्या एआरएमसाठी कर्नेल बांधायला घेतल्यावर. म्हणजे इशारा मिळतो, पण लिहिणाऱ्याला नव्हे. यावर उत्तर लिनक्सनेच २००८ मध्ये शोधले : ६४ ला ३२ ने भागणारे एक फंक्शन, ६४ ला ६४ ने भागणारे दुसरे, आणि ही रुंदी नावातच लिहिलेली. खर्च दिसतो आणि योग्य फंक्शन निवडले, तर काहीही निमूटपणे कापले जात नाही. नकाराबरोबर असा पर्याय दिला, तरच तो नकार शिस्त ठरतो. एरवी तो नुसता अडथळा.

२०/२५
इथवर लिनक्सची बाजू राखता येते. पण २००६ मधला एक निर्णय पाहावा. त्या वर्षी कर्नेलमध्ये सूक्ष्म वेळेसाठी नवा प्रकार आला. ६४ बिटांच्या यंत्रांवर तो नॅनोसेकंदांची एक सलग संख्या होता. अनेक ३२ बिटांच्या यंत्रांवर मात्र त्याचे दोन तुकडे केले गेले : ३२ बिटांत सेकंद, ३२ बिटांत नॅनोसेकंद. कारण तेच, महागडी रूपांतरे टाळणे. सलग संख्येतून सेकंद काढायचे म्हणजे ६४ बिटांचा भागाकार. खर्च वाचला. पण सेकंदांच्या त्या ३२ बिटांबरोबर २०३८ ची मर्यादा नव्याने लिहिलेल्या कोडच्या पोटात जाऊन बसली.

२१/२५
या धाग्याचा मुद्दा इथेच आहे. भागाकार लिहिला असता, तर लिंकरने बांधणी थांबवून ओरड केली असती. अडुसष्ट वर्षांत भरणारी संख्या लिहिली, तेव्हा कोणीच ओरडले नाही. २०१४ मध्ये हे दोन तुकडे काढून टाकून सर्व यंत्रांवर सलग ६४ बिटांची संख्या आणली गेली, आणि ३२ बिटांची यंत्रे तो भागाकाराचा खर्च सोसून चालतच राहिली. चिन्हासह ६४ बिटांत नॅनोसेकंद मोजले, तर १९७० पासून सुमारे २९२ वर्षे, म्हणजे २२६२ सालापर्यंत पुरतात. जो खर्च असह्य वाटला होता तो सोसण्याजोगा होता. जी मर्यादा दूर वाटली होती ती दूर नव्हती.

२२/२५
मर्यादेवर पहारा बसवणे अशक्य होते असेही नाही. लिनक्समध्येच त्याचा नमुना आहे. घड्याळाचे ठोके मोजणारा ३२ बिटांचा आकडा सेकंदाला १०० ठोक्यांच्या वेगाने ४९७ दिवसांत भरतो, १,००० च्या वेगाने ४९.७ दिवसांत. विंडोज ९५ आणि ९८ अशाच मोजणीमुळे ४९.७ दिवस सलग चालल्यावर गोठत. २०१५ मध्ये अमेरिकी विमान नियामकाने बोइंग ७८७ च्या जनित्र नियंत्रकाविषयी, २४८ दिवसांत भरणाऱ्या आकड्यामुळे, आदेश काढला. लिनक्सने काय केले? हा आकडा शून्यापासून सुरू न करता भरण्याच्या पाच मिनिटे आधीच्या स्थितीतून सुरू केला. कोणाच्या कोडमध्ये चूक असेल, तर ती यंत्र सुरू केल्यावर पाच मिनिटांत दिसावी, दीड वर्षाने नव्हे.

२३/२५
वेळेच्या बाबतीत ही दक्षता उशिरा आली, पण आली. ओपनबीएसडीने २०१४ मध्ये सर्व यंत्रांवर ६४ बिटांची वेळ स्वीकारली आणि जुन्या प्रोग्रामांशी असलेली सुसंगती सरळ सोडली. लिनक्सला जुने प्रोग्राम मोडायचे नव्हते, म्हणून वाट लांबली. २०१९ च्या ५.१ आवृत्तीत ३२ बिटांच्या यंत्रांसाठी वेळेच्या नव्या सिस्टिम-हाका आल्या, २०२० च्या ५.६ पर्यंत कर्नेल बरेचसे सज्ज झाले, २०२१ मध्ये ग्लिबसीने प्रोग्रामांना रुंद वेळ निवडण्याची सोय दिली. डेबियनने ३२ बिटांच्या एआरएमचे सारे पॅकेज नव्या रुंदीवर नेले; जुन्या ३२ बिटांच्या इंटेल यंत्रांना मात्र जुन्याच वेळेवर ठेवले. जी यंत्रे आधीच विकली गेली आणि ज्यांचे सॉफ्टवेअर कोणी बदलणार नाही, त्यांच्यापर्यंत यातले काही पोहोचत नाही.

२४/२५
आणि प्रश्न आता पुढच्या रुंदीवर गेला आहे. ६४ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार १२८ बिटांत जातो. जीसीसी आणि क्लँग ६४ बिटांच्या यंत्रांवर १२८ बिटांचा पूर्णांक देतात. त्याची बेरीज आणि गुणाकार स्वस्त. भागाकार लिहिला, की कंपायलर पुन्हा एका साहाय्यक फंक्शनची हाक घालतो आणि कर्नेलमध्ये ते पुन्हा नसते. नावातला ‘डीआय’ जाऊन ‘टीआय’ झाला, एवढाच फरक. इथेही नकार कायम ठेवावा, हे योग्यच. पण त्या निमित्ताने कोणी १२८ ऐवजी ६४ बिटांवर भागवू पाहील, तेव्हा त्याला दुसरा प्रश्नही विचारला गेला पाहिजे : ही संख्या कधी भरेल, आणि तेव्हा तिला कोण सामोरे जाईल?

२५/२५
सध्याचे अनुमान असे : भागाकाराला दिलेला नकार टिकावा, त्याचा इशारा लिंकरच्या शेवटच्या ओळीत न येता लिहिणाऱ्याच्या यंत्रावरच मिळावा, आणि संख्येचा प्रकार निवडणाऱ्याने १९७१ च्या मॅन्युअलप्रमाणे ती कधी भरेल ते शेजारी लिहावे. ३२ बिटांचे उपकरण आज विकणाऱ्याने तर ते वर्ष खोक्यावर छापावे. मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झालेले असतील. पुढच्या ठोक्याला हातचा चिन्हाच्या बिटात जाईल, आणि न बदललेले यंत्र डिसेंबर १९०१ मधली तारीख दाखवील. १९७५ च्या त्या ओळीत हातचा धरणाऱ्याला तो कुठे जातो हे निदान डोळ्यांसमोर दिसत होते.

#धागा #संगणकाचाइतिहास